व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांचे पुण्या-मुंबईत आता कुणाला नवल वाटत नाही. मेतकूट, आळीव, डिंकाचे लाडू यांची बांधाबांध कशी करावी, सामानाचे वजन किती असावे, विमानतळावर काय विचारतील, या सगळ्याची तोंडी माहिती सोसायटीतल्या सोसायटीत मिळते. मात्र एका बाबतीत जाणत्यांचाही घोटाळा होतो. पासपोर्टवर चिकटवलेल्या पर्यटक व्हिसावर साधारणपणे दहा वर्षांची मुदत छापलेली असते आणि तेवढी वर्षे आपल्याला तेथे राहण्याची मुभा आहे, असा समज त्यावरून होतो. नातवाची मुंज, मग धाकट्या मुलाचे घर, मग थंडी संपेपर्यंतचा मुक्काम असे बेत वाढत जातात आणि ‘व्हिसा आहेच की’ या एका वाक्यावर विषय संपतो.

तो तेथे संपत नाही. व्हिसा आणि मुक्कामाची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या देणारी खातीही निराळी आहेत. व्हिसा देते अमेरिकेचे परराष्ट्र खाते, म्हणजे व्यवहारात मुंबईची वकिलात. व्हिसाचा अर्थ एवढाच की, अमेरिकेच्या दारापर्यंत येऊन आत येण्याची विनंती करण्याची मुभा आहे. दारात उभा असलेला अधिकारी गृहसुरक्षा विभागाचा असतो. आत किती दिवस राहायचे, हे तो ठरवतो आणि त्याची नोंद ‘आय-९४’ या दस्तऐवजात होते. पर्यटकाला ही मुदत सहसा सहा महिन्यांची मिळते. विमानाने येणाऱ्यांना पूर्वी या नोंदीचे पांढरे कार्ड पासपोर्टात टाचून मिळत असे, त्यामुळे तारीख डोळ्यांसमोर राहत असे. २०१३ पासून ही नोंद संगणकावर गेली. आता ती संकेतस्थळावरून मुद्दाम काढून पाहावी लागते आणि नेमके तेच अनेकांकडून राहून जाते.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. व्हिसाची मुदत मुक्कामाच्या मधेच संपली म्हणून कोणी बेकायदा ठरत नाही. एखाद्याचा व्हिसा मे महिन्यात संपणार असेल आणि ‘आय-९४’ वरची तारीख ऑगस्टमधली असेल, तर ऑगस्टपर्यंत तो निर्धास्तपणे राहू शकतो. म्हणूनच ‘अमेरिकेत राहून व्हिसा वाढवून घेतला’ हे आपल्याकडचे नेहमीचे वाक्य तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहे. वाढतो तो मुक्काम, आणि बदलतो तो दर्जा.

मुदतवाढीचा अर्ज

आई-वडिलांच्या मुक्कामाला मुदतवाढ हवी असल्यास ‘आय-५३९’ हा अर्ज अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा कार्यालयाकडे, म्हणजे ‘यूएससीआयएस’कडे करावा लागतो. ‘आय-९४’ वरची तारीख उलटण्यापूर्वी तो कार्यालयात पोहोचलेला असला पाहिजे. टपालात टाकल्याचा दिवस धरला जात नाही. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांची वाढ मिळू शकते. कारण पटण्याजोगे लागते. बाळंतपणात निर्माण झालेली गुंतागुंत, स्वतःचे आजारपण किंवा डॉक्टरांनी प्रवासास केलेली मनाई ही अशी कारणे होत. खर्च कोण करणार, परतीचे तिकीट कधीचे आहे, भारतात घरदार आहे की नाही, याचेही पुरावे जोडावे लागतात. ‘नातवाचा लळा लागला’ हे कारण खरे असले, तरी सरकारी फायलीत ते फारसे वजनदार ठरत नाही.

अर्ज वेळेत पोहोचला की एक विचित्र मधली अवस्था सुरू होते. जुनी मुदत संपलेली असते आणि नवी मिळालेली नसते. तरीही अर्ज प्रलंबित असेपर्यंतचे वास्तव्य अनधिकृत धरले जात नाही. निकाल लागायला बरेच महिने जातात. पुष्कळदा आजी-आजोबा मागितलेली वाढीव मुदत संपवून घरी परततात आणि निकालाचे पत्र त्यांच्या मागून मुलाच्या पत्त्यावर येते. त्यात काही वावगे नाही, मात्र अर्जाची पावती आणि परतीच्या प्रवासाचे कागद जपून ठेवावे लागतात. पुढच्या खेपेला ‘सहा महिन्यांहून अधिक का राहिलात’ असा प्रश्न आला, तर तोंडी खुलाशापेक्षा ती पावतीच कामाला येते.

अर्ज नामंजूर झाला तर मात्र त्या निर्णयाच्या दुसऱ्या दिवसापासून अनधिकृत वास्तव्याचे दिवस मोजले जाऊ लागतात. या मोजणीला १९९६ च्या कायद्याने धार आणली. अनधिकृत वास्तव्य १८० दिवसांपेक्षा अधिक पण एक वर्षाच्या आत झाले आणि ती व्यक्ती देश सोडून गेली, तर तीन वर्षे प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाले, तर दहा वर्षे. याखेरीज, मुदत उलटून एक दिवस जरी राहिले तरी हातातला दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द ठरू शकतो, ही तरतूद आहेच. ‘यूएससीआयएस’च्या २८ फेब्रुवारी २०२५ च्या धोरणपत्रकाने आणखी एक भर घातली. अर्ज फेटाळला गेला आणि अर्जदाराच्या वास्तव्याला दुसरा कायदेशीर आधार नसला, तर त्याला देशाबाहेर काढण्याच्या कारवाईसाठी न्यायालयात हजर राहण्याची नोटीस काढण्याचे धोरण त्यात आखले होते. सत्तरीच्या गृहस्थांनी मुलाच्या दिवाणखान्यात बसून असली नोटीस वाचणे ही कल्पनासुद्धा सुखद नाही.

ही ‘मधली अवस्था’ केवळ अमेरिकेची नाही. ब्रिटनमध्ये १९७१ च्या स्थलांतर कायद्याचे कलम ३-सी आहे. मुदतीत अर्ज केला, तर जुनी परवानगी तिच्या सर्व अटींसह निकालापर्यंत पुढे चालू राहते. नोकरीची मुभा असेल तर तीही. मात्र मधेच भारतात येऊन गेले, की अर्ज मागे घेतला असे समजले जाते. जर्मनीत विदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळेत अर्ज केला, की ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचा दाखला मिळतो. परवानगी चालू आहे असे तूर्त मानावे, अशा अर्थाचा तो दाखला. शब्द उच्चारण्यापेक्षा दाखला मिळवणे सोपे, असे म्हणण्याची सोय मात्र नाही, कारण मोठ्या शहरांत या कार्यालयांची वेळ मिळवण्यातच आठवडे जातात. पाहुणा म्हणून गेलेल्याला ही दोन्ही दारे जवळजवळ बंदच असतात. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस हा हिशेब असून, आजारपण किंवा आपत्ती यांसारख्या कारणांखेरीज तो वाढत नाही. ब्रिटनमध्ये पाहुण्याला सहसा तेथल्या तेथे विद्यार्थी किंवा कर्मचारी होता येत नाही.

दर्जा बदलताना

अमेरिकेत तसे होता येते, आणि म्हणूनच तेथले नियम अधिक गुंतागुंतीचे आहेत. विद्यार्थी म्हणून ‘एफ-१’ वर गेलेला तरुण पदवीनंतर नोकरीला लागतो. वर्षभराचे प्रशिक्षण, विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असल्यास आणखी २४ महिने आणि दरम्यान ‘एच-१बी’ची सोडत, असा तो परिचित प्रवास. सर्वसाधारण कोटा ६५,००० चा आणि अमेरिकी विद्यापीठातून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० चा. सोडतीत नाव निघाले, की कंपनी ‘आय-१२९’ अर्ज करते आणि त्यातच दर्जा बदलण्याची विनंती असते. ‘एच-१बी’ १ ऑक्टोबरपासून सुरू होतो, तर शिक्षणोत्तर परवानगी बऱ्याचदा उन्हाळ्यातच संपते. हा खड्डा बुजवण्यासाठी जी तरतूद होती तिची मुदत १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने पुढच्या १ एप्रिलपर्यंत वाढवली.

या काळात एक चूक महाग पडते. दर्जा बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना अर्जदार देशाबाहेर गेला, तर ती विनंती त्याने सोडून दिली असे धरले जाते. बहिणीचे लग्न असो की वडिलांची शस्त्रक्रिया, कारण विचारले जात नाही. पूर्वी याचा परिणाम एवढाच होई की, कंपनीचा अर्ज मंजूर झाल्यावर भारतातील वकिलातीतून व्हिसा घेऊन परतावे लागे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नव्या ‘एच-१बी’ अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याची अट घालणारी, बारा महिन्यांच्या मुदतीची घोषणा केली आणि चित्र पालटले. ती अंमलात येण्यास दोन दिवसही नव्हते. भारतात सुटीवर आलेल्यांची परतीच्या तिकिटांसाठी धावपळ उडाली आणि अमेरिकेतून निघालेले काही प्रवासी विमानातून उतरल्याच्या बातम्या आल्या. महिनाभराने, २० ऑक्टोबरला, खुलासा झाला तो असा: अमेरिकेत वैध दर्जात असलेल्यांच्या दर्जाबदलाच्या किंवा मुदतवाढीच्या अर्जांना ही रक्कम लागू नाही, परंतु अर्जदार निकालापूर्वी देशाबाहेर गेला किंवा दर्जाबदलास अपात्र ठरला, तर लागू. म्हणजे ज्या फेरीची किंमत पूर्वी विमानाच्या तिकिटाएवढी होती, ती त्या घोषणेच्या कक्षेत एक लाख डॉलरची होऊन बसली.

पर्यटक म्हणून जाऊन तेथेच विद्यार्थी होण्याचा मार्गही कागदावर खुला आहे, पण दर्जा मंजूर होण्यापूर्वी वर्गात बसता येत नाही. शिवाय प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत व्हिसाच्या हेतूशी विसंगत असे काही केले, तर हेतूच खोटा सांगितला होता असे परराष्ट्र खाते गृहीत धरू शकते. उतरल्याबरोबर महाविद्यालयांचे अर्ज भरू लागणाऱ्यांनी पुढच्या व्हिसाच्या वेळी या प्रश्नाची तयारी ठेवलेली बरी.

पासपोर्टाची तारीख

नोकरदारांच्या बाबतीत सर्वाधिक घात करते ती एक साधीच गोष्ट. ‘एच-१बी’ची मंजुरी तीन वर्षांची असते, व्हिसावर तीच तारीख असते, कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या संगणकातही तीच असते. पण पासपोर्ट आधी संपणार असेल, तर विमानतळावरचा अधिकारी ‘आय-९४’ ची मुदत बहुधा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. चौदा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर, झोपलेले मूल खांद्यावर घेऊन रांगेतून बाहेर पडणाऱ्याचे तिकडे लक्ष जात नाही. पुढे तो वाणिज्य दूतावासातून नवा पासपोर्ट घेतो. त्याला वाटते, प्रश्न मिटला. परंतु नव्या पासपोर्टने ‘आय-९४’ आपोआप वाढत नाही. जुनी तारीख उलटून जाते, नोकरी चालू असते, पगार आणि कर चालू असतात. आणि हे उघडकीला येते ते दोन वर्षांनी, मुदतवाढीचा अर्ज करताना, वकिलाने ‘आय-९४’ मागितल्यावर.

तोवर १८० दिवस कधीच उलटलेले असतात. अशा वेळी झालेला उशीर माफ करण्याची विनंती करता येते, पण ती असाधारण परिस्थितीसाठी असते आणि मान्य करणे कार्यालयाच्या मर्जीवर असते. यावर उपाय मात्र अगदी सोपा आहे. परदेशातून परतल्यावर दर वेळी ‘आय-९४’ काढून पाहावा, तारीख कमी दिसल्यास नव्या पासपोर्टच्या आधारे मुदतीतच वाढ मागावी किंवा एक परदेशवारी करून नवी नोंद घ्यावी. पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल, तर प्रवासाआधीच तो नवा करून घेणे हे तर सर्वांत उत्तम.

याच जातीची दुसरी चूक कुटुंबाच्या बाबतीत होते. कंपनी अर्ज करते तो कर्मचाऱ्याचा. पत्नी (किंवा पती) आणि मुले यांच्या ‘एच-४’ दर्जाची मुदतवाढ हा वेगळा अर्ज असतो. ‘साहेबांचे झाले म्हणजे सगळ्यांचे झाले’ हा हिशेब येथे चालत नाही. ‘एच-४’ वरील ज्या जोडीदारांना २०१५ च्या नियमामुळे नोकरीची परवानगी मिळाली, त्यांना आणखी सावध राहावे लागते. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी तात्पुरती मुदतवाढ बंद झाली. नवे कार्ड वेळेत आले नाही, तर काम थांबवावे लागते.

खुद्द ‘एच-१बी’ धारकाला येथे सवलत आहे. त्याच कंपनीने मुदतीत अर्ज केला असेल, तर जुनी मुदत संपल्यावर २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. कंपनी बदलायची असल्यास, नव्या कंपनीचा अर्ज दाखल होताच तेथे रुजू होता येते. ही सोय ऑक्टोबर २००० च्या कायद्याने आली. त्याआधी मंजुरीची वाट पाहत बसावे लागे आणि जुना मालक याचा पुरेपूर फायदा उठवीत असे.

नोकरी गेली तर? २०१७ च्या जानेवारीपासून साठ दिवसांची सवलत आहे. ‘आय-९४’ त्याआधी संपत असेल, तर तितकेही दिवस नाहीत. या दोन महिन्यांत नवी कंपनी अर्ज करील, किंवा जोडीदाराच्या आधारे ‘एच-४’, शिक्षणासाठी ‘एफ-१’ अथवा पर्यटकाचा दर्जा मागता येईल. २०२२-२३ मधील माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कपातीच्या लाटेत अनेकांनी हा शेवटचा मार्ग धरला. पर्यटक दर्जात नोकरी शोधता येते, मुलाखतीही देता येतात, असे ‘यूएससीआयएस’ने स्पष्ट केले होते, मात्र नवा दर्जा मंजूर होऊन लागू होईपर्यंत काम करता येत नाही. घराचे कर्ज, मुलांची शाळा, मोटारीचे हप्ते हे सारे साठ दिवसांत आवरणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक.

शिक्क्याची वारी

मुक्काम वाढला, दर्जा बदलला, तरी पासपोर्टातला व्हिसा जुनाच राहतो. तेथेच राहायचे तोवर बिघडत नाही. भारतात येऊन परत जायचे म्हटले, की नवा ‘शिक्का’ लागतो. २००४ च्या जुलैपर्यंत ‘एच’ आणि ‘एल’ प्रकारचे व्हिसा अमेरिकेत राहूनच, परराष्ट्र खात्याकडे टपालाने पासपोर्ट पाठवून नवे करून मिळत. बोटांचे ठसे अनिवार्य झाले आणि ती सोय गेली. तेव्हापासून मायदेशाची सुटी आणि वकिलातीची रांग यांची जोडी जमली. २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेर, पुढे वांद्रे-कुर्ला संकुलात. २०२४ च्या जानेवारीत परराष्ट्र खात्याने जुनी सोय मर्यादित प्रमाणात पुन्हा करून पाहिली. कमाल २०,००० अर्ज, तेही केवळ ‘एच-१बी’चे आणि भारत व कॅनडातील वकिलातींनी ठरावीक काळात दिलेल्या व्हिसांचे. प्रयोग झाला, कौतुक झाले. पण व्यवस्था म्हणून तो रुजला नाही.

उलट २०२५ मध्ये वाट अधिक अरुंद झाली. २ सप्टेंबरपासून मुलाखतीविना नूतनीकरणाची सवलत ‘एच-१बी’सह बहुतेक गटांसाठी काढून घेतली गेली. त्याच आठवड्यात, अर्ज शक्यतो स्वतःच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा, अशी सूचना निघाली. त्यामुळे एखाद्या तिसऱ्या देशात जाऊन शिक्का आणण्याचा मार्ग आक्रसला. १५ डिसेंबरपासून ‘एच-१बी’ आणि ‘एच-४’ अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली आणि भारतातील वकिलातींनी डिसेंबरच्या उत्तरार्धातील मुलाखती मार्च २०२६ व त्यापुढे ढकलल्या. लग्नसराई आणि नाताळच्या सुटीचा मेळ घालून तीन आठवड्यांसाठी आलेली माणसे येथे अडकली. काहींची मुले तिकडे, काहींच्या नोकऱ्या तिकडे. मुदतवाढीचे मंजुरीपत्र त्यांच्या हातात होते, पण शिक्क्याशिवाय त्या पत्राने विमानात बसता येत नव्हते.

‘एच-१बी’ची एकूण मर्यादा सहा वर्षांची. ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली असेल, तर सहा वर्षांनंतरही एकेक किंवा तीन-तीन वर्षांची वाढ मिळत राहते. एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे येऊ नयेत, या नियमामुळे भारतीयांची रांग दशकाहून अधिक लांबली आहे. मुदतवाढ ही तात्पुरती गोष्ट न राहता आयुष्याचा भाग होते. पाचवी वाढ, सहावी वाढ असे चालू राहते, आणि दरम्यान मुले मोठी होतात.

एकविसाव्या वर्षी ‘एच-४’ संपतो. चौथ्या वर्षी नाशिकहून किंवा ठाण्याहून गेलेली, मराठी समजणारी पण वाचता न येणारी मुलगी त्या वाढदिवसाआधी स्वतःचा अर्ज करून ‘एफ-१’ म्हणजे परदेशी विद्यार्थिनी होते. २००२ चा कायदा वयाच्या हिशेबात काही मुलांना दिलासा देतो, सर्वांना नाही. ती ज्या शाळेत शिकली, त्याच गावच्या विद्यापीठात तिला आता हे सिद्ध करावे लागते की, शिक्षण संपल्यावर भारतात परतण्याचा तिचा इरादा आहे. भारतात तिचे कायमचे घर आहे, असेही तिला अर्जात दाखवावे लागते. पुरावा म्हणून बहुधा आजी-आजोबांच्या फ्लॅटचा पत्ता दिला जातो.